जुन्या हाताला नवा कीबोर्ड : दुकानात काय तपासावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बहुतेक जुने कीबोर्डवादक मुळात पेटीवाले. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीचे गुरू ज्या शहरात होऊन गेले, तिथं हे साहजिकच. त्यामुळं तीस-चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसानं नवा कीबोर्ड घेताना टोन किती नि रिदम किती याच्या आकड्यांकडं बघू नये. आपली बोटं त्याच्यावर बसतात का, एवढं आधी बघावं.

१. घरूनच ठरवून निघा

गेल्या वर्षभरात काय वाजवलं ते कागदावर लिहा. आपल्याकडं एकाच बैठकीत अभंग, मग कन्नड दासरपद आणि शेवटी हळदीची फर्माईश असं होतं. त्यात खरे लागणारे टोन दहा-बाराच निघतील. कॅसिओ सीटी-एक्स८७०आयएन, यामाहा पीएसआर-आय५०० यांसारख्या खास भारतासाठीच्या मॉडेलमध्ये तबला, तानपुरा, हार्मोनियम आतच असतात. भजन आणि सुगम संगीतासाठी ६१ पट्ट्या पुष्कळ झाल्या. पेटी साडेतीन सप्तकांची, इथं पाच मिळतात. ८८ पट्ट्यांचा वजनदार पियानो यात्रेच्या स्टेजवर चढवायला दुसरा माणूस लागतो. हौस असेल तर घ्या, पण पाठीला विचारून.

२. पट्टी दाबून बघा, आवाज बंद ठेवून

दुकानदार आधी डेमो लावतो. तो थांबवायला सांगा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून एक लांब तान दोनदा घ्या. पट्ट्या खडखडतात का, काळी पट्टी टोकाशी आणि मुळाशी सारखीच दबते का, पट्टी चटकन वर येते का, हे आवाज नसतानाच नीट कळतं.

मग हार्मोनियमचा टोन लावा. इथं पेटीवाल्याचा हात अडतो. पेटीत आवाजाचा जोर भात्यात असतो, पट्टी नुसती दाबायची. कीबोर्डमध्ये जोर बोटाच्या वेगावरून ठरतो. हलका हात असला की सूर मिणमिणतो आणि गायक मागं वळून बघतो. यावर उपाय आहे : मेनूत ‘टच रिस्पॉन्स’ बंद केला की प्रत्येक सूर सारख्या जोरानं येतो. प्रश्न उरतो भात्याचा. ते काम पायानं करायचं असेल, तर व्हॉल्यूमचं म्हणजे एक्स्प्रेशन पेडल लावायची सोय आहे का ते मागं वाकून बघा. स्वस्त मॉडेलना बहुधा फक्त सस्टेनचा, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पेडलचा जॅक असतो. पेटीच्या अंगानं वाजवणाऱ्यानं एक्स्प्रेशनच्या या एका जॅकसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मींडेसाठी पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली वळवायचं चाकही हवंच; ते सोडल्यावर सूर बरोबर जागेवर येतो का ते ऐका.

३. स्वर आणि ताल

ट्रान्सपोज म्हणजे सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवायची सोय. ती अधिक एकवर नेऊन पांढरी एक दाबली की काळी एक वाजते. हे बटण गाणं चालू असताना सहज सापडतं का ते बघा; चष्म्याशिवाय स्क्रीन वाचता येते का, तेही. साथीला जुनी पेटी असेल तर ती ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर असेलच असं नाही, म्हणून ‘ट्यूनिंग’ हर्ट्झच्या अंशांनी सरकवता येतं याची खात्री करा.

केहरवा, दादरा सगळ्यांत असतात. रूपक आणि झपताल मागून बघा. रूपकासारखा सात मात्रांचा रिदम नसेल तर स्वतः बनवून साठवता येतो का, हे विचारा.

पॉलिफनी म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात तो आकडा. त्यात रिदमचे सूरही मोजले जातात आणि दोन टोन एकत्र लावले की एकेका पट्टीचे दोन सूर धरले जातात. ३२ असेल तर भरगच्च गाण्यात लांबवलेला सूर मध्येच तुटतो. ६४ असावेत.

४. साउंडवाल्याचा विचार

काही छोट्या कीबोर्डना साउंड सिस्टीमला जोडायचं वेगळं लाइन आउट नसतं, हेडफोनच्या भोकातूनच आवाज काढावा लागतो. तो स्टिरिओ असतो. त्यात साधी मोनो पिन घातली की एक बाजू गायब होऊ शकते. योग्य केबल दुकानातूनच घ्या.

५. पैसे देण्याआधी

बेळगावात मनासारखं मॉडेल नसेल तर कोल्हापूर किंवा हुबळी, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आसपास. मात्र दुरुस्ती कुठं होणार, तिथंच न्यायचं की बेळगावात होईल, हे आधी विचारा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. खोकं टाकू नका.

जुन्या कीबोर्डचा अडॅप्टर नव्याला लावू नका. पिन बसली तरी व्होल्ट आणि अधिक-उणे टोकं वेगळी असू शकतात. दोन्ही गोष्टी कीबोर्डवर आणि अडॅप्टरवर छापलेल्या असतात. जुन्यात साठवलेले रिदम दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर सहसा चालत नाहीत, साध्या मिडी फायली (कुठला सूर कधी वाजवायचा एवढंच लिहिलेल्या) मात्र बहुतेक ठिकाणी उघडतात. तेव्हा नव्यावर दोन-तीन कार्यक्रम नीट पार पडेपर्यंत जुना विकू नका.