उत्पादन परवान्याची मुदत संपल्यावरचे वाद: या चुका टाळा

दुसऱ्या कंपनीची वस्तू बनवण्याचा परवाना करार करताना दोन्ही पक्ष पहिल्या दिवसाचा विचार कसून करतात: उत्पादन कधी सुरू होणार, रॉयल्टी किती, कोणत्या प्रदेशात विकायचे. मुदत संपल्यावर काय, याचे कलम मात्र अनेकदा जुन्या मसुद्यातून उचललेले असते. पुढे वाद झाला की सगळा निकाल त्याच दोन-तीन ओळींवर अवलंबून राहतो.

सगळे हक्क एकाच गाठोड्यात बांधणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. उत्पादन परवान्यात सहसा चार-पाच वेगळे हक्क असतात आणि प्रत्येकाचे आयुष्य निराळे असते. पेटंट बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून 20 वर्षांनी संपते. ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिल्यास कितीही काळ टिकतो. ड्रॉइंगवरचा कॉपीराइट पेटंटपेक्षा खूप जास्त जगतो. व्यापारी गुपित, म्हणजे जाहीर न केलेले तंत्र किंवा सूत्र, ते गुपित आहे तोवरच.

म्हणून ‘पेटंट संपले, आता आम्ही मोकळे’ हे परवाना घेणाऱ्याचे म्हणणे अर्धेच खरे असते. तीच वस्तू बनवायला तो मोकळा असेल, पण मूळ कंपनीच्या नावाने विकायला नाही. तिची ड्रॉइंग वापरता येतील की नाही, हा आणखी वेगळा प्रश्न. उलट बाजूने, ‘करार संपला, आता तुम्ही काहीच बनवायचे नाही’ असे परवाना देणारा म्हणतो, तेव्हा नेमका कोणता हक्क अजून जिवंत आहे हे त्याला दाखवावे लागते. एक साधा तक्ता करा: हक्क कोणता, कोणाच्या नावावर, कोणत्या देशात, कधी संपतो. कित्येक वाद या तक्त्यापाशीच निम्मे होतात.

रॉयल्टी कधी थांबते, हे न लिहिणे

अमेरिकेतल्या संशोधक किंबल विरुद्ध मार्व्हल कंपनी या खटल्यात हेच घडले. जाळे फेकणाऱ्या खेळण्याचे पेटंट 1990 मध्ये मिळाले होते. त्यावरून 1997 मध्ये दावा झाला, 2001 मध्ये तडजोड झाली आणि विक्रीवर 3 टक्के रॉयल्टी ठरली. ती कधी थांबणार, हे लिहिलेच नव्हते. पेटंट 2010 मध्ये संपले. पेटंट संपल्यानंतरच्या वापरासाठी रॉयल्टी घेता येत नाही हा 1964 चा जुना नियम 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला आणि संशोधकाची पुढची रॉयल्टी बंद झाली.

त्याच निकालात वाटही दाखवली आहे. पेटंट आणि गुपित तंत्र एकत्र दिले असेल, तर पेटंट असेपर्यंत समजा 5 टक्के आणि नंतर फक्त गुपितासाठी 4 टक्के, अशी उतरती रॉयल्टी ठरवता येते.

गुपिताचा हिशेब खरोखरच वेगळा असतो. लिस्टरिन या तोंड धुण्याच्या औषधाच्या सूत्रासाठी 1880 च्या दशकात करार झाला. पुढे सूत्र जाहीर झाले, तरी 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सांगितले की उत्पादन चालू आहे तोवर ठरलेले पैसे द्यावेच लागतील, कारण करारात शेवट लिहिलेला नाही. देशागणिक नियम बदलतात. भारताच्या पेटंट कायद्याच्या कलम 141 नुसार, करारातली सगळी पेटंटे संपल्यावर परवाना घेणारा 3 महिन्यांची लेखी नोटीस देऊन परवाना करार संपवू शकतो. म्हणून कोणत्या देशाचा कायदा लागू, हे कलम वाचल्याशिवाय रॉयल्टीवर भांडू नका.

बोलणी चालू आहेत म्हणून उत्पादन चालू ठेवणे

मुदत संपते, नव्या कराराची चर्चा लांबते, कारखाना चालूच राहतो. रॉयल्टी जाते, समोरचा ती स्वीकारतो. चार महिन्यांनी बोलणी फिसकटतात. मग एकजण म्हणतो, ‘पैसे घेतले म्हणजे संमती होती’; दुसरा म्हणतो, ‘तो सगळा माल बेकायदा’. न्यायालय वागणुकीवरून मूक परवाना मानू शकते, पण त्या भरवशावर उत्पादन चालवणे फार धोक्याचे आहे. एका पानाचे मुदतवाढीचे पत्र घ्या: कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या दराने, आणि यातून कायमचा हक्क निर्माण होत नाही. परवाना देणाऱ्यानेही गप्प राहून पैसे घेऊ नयेत.

उरलेला माल आणि साचे विसरणे

तयार माल, अर्धवट माल, हातातल्या ऑर्डर, सुटे भाग यांची सोय करारात हवी. विक्रीसाठी 3 ते 6 महिन्यांची सवलत नेहमी दिसते, पण तिच्यासोबत मर्यादाही घाला. नाहीतर शेवटच्या महिन्यात गोदाम भरून ठेवण्याचा मोह होतो. शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून साठा मोजावा आणि त्यावर सह्या कराव्यात.

साचे आणि डाय कोणाच्या पैशाने बनले, हे बिलांवरून ठरवता येते. खरी अडचण ड्रॉइंगच्या फाइलींची. त्या पोटकंत्राटदारांकडे पसरलेल्या असतात आणि मुख्य करारातले ‘परत द्या’ हे कलम त्यांना आपोआप लागू होत नाही.

सुधारणांचेही तसेच. परवाना घेणाऱ्याने यंत्रात बदल केला, तर तो बदल त्याचा की मूळ मालकाचा? काहीच लिहिले नसेल, तर एकाला मूळ यंत्र बनवता येत नाही आणि दुसऱ्याला सुधारणा वापरता येत नाही. दोघेही अडकतात.

वाद आधीच पेटला असेल तर

आधी नाव थांबवा. दुसऱ्याचा ट्रेडमार्क मुदतीनंतर वापरणे ही परवाना घेणाऱ्याची सर्वांत कमकुवत जागा असते, आणि तिथेच मनाई हुकूम लवकर मिळतो. उत्पादनाचा मुद्दा त्यानंतर लढता येतो.

मग करारातली, मुदत संपल्यावरही टिकणारी कलमे शोधा: गोपनीयता, हिशेब तपासणी, लवाद. करार संपला म्हणून लवादाचे कलम संपत नाही. अनेक देशांच्या कायद्यात ते स्वतंत्र करार मानले जाते. थेट न्यायालयात धाव घेतली, तर समोरचा याच मुद्द्यावर दावा अडवू शकतो.

नोटिशीला रागाच्या भरात उत्तर देऊ नका. ‘आम्ही थोडासाच माल बनवला’ हे वाक्य पुढे कबुली म्हणून वाचले जाते. मुदतीआधीचे आणि नंतरचे उत्पादन बॅच क्रमांकांनुसार वेगळे काढा. नुकसानभरपाईचा आकडा त्याच नोंदींवरून निघतो, आणि नोंदी नसतील तर तो समोरच्याच्या अंदाजावर ठरण्याची भीती असते.