जामीन मंजूर झाला, मग माणूस अजून आतच का?

"मॅडम, जामीन झाला म्हणत्यात. मग पोरगं कुठंय?"

कोर्टाच्या व्हरांड्यात एका भाजीवाल्या बाईनं मला हे विचारलं होतं. मी मॅजिस्ट्रेट कोर्टात बेंच क्लार्क. हातात रोजनामे, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय घडलं त्याच्या नोंदी, पुढची तारीख पुकारायची घाई. "जामीनदार आणा," म्हणाले आणि आत गेले.

पोरावर मोबाइलचोरीचा गुन्हा होता. पंधरा हजारांचा जामीन आणि एक जामीनदार, असा हुकूम. बाईचा भाऊ शेजारच्या तालुक्यातला, दीड एकर कोरडवाहू. त्यानं सातबारा आणला, तर ऐपतीचा दाखला हवा. दाखला आणला, तोवर सातबारा जुना झाला. नवा काढला, तर मॅजिस्ट्रेट साहेब रजेवर. जामीन मंजूर झाल्यावर ते पोरगं सत्तेचाळीस दिवस आत होतं.

त्याच आठवड्यात गावातल्या एका बड्या कंत्राटदाराचा मुलगा आमच्याकडे हजर केला. गाडी अंगावर घातल्याचा गुन्हा. त्याचे दोन जामीनदार सकाळी दहापासून बाहेर गाडीत एसी लावून बसलेले. कागदांचे तीन-तीन संच, झेरॉक्सवर सह्या केलेल्या, पासपोर्ट फोटो पाकिटात, कागद बांधायचा टॅगसुद्धा घरून आणलेला. हुकमावर सही झाली आणि पाचव्या मिनिटाला बाँड, म्हणजे हमीपत्र, माझ्या टेबलावर. मुलगा दुपारच्या जेवणाला घरी. कायदा तोच, साहेब तेच, आणि माझ्या माहितीत तरी कुणी पैसे खाल्ले नव्हते. त्या मुलासाठी धावणारी माणसं होती आणि त्यांना काय मागायचं ते ठाऊक होतं. "रोख जामीन मागा" एवढे तीन शब्द मला त्या बाईला सांगता आले असते. ते माझ्या कामात बसत नाही, असं मी तेव्हा मनाला समजावलं. आता निवृत्त आहे, म्हणून सांगते.

पोलीस ठाण्यात

फोन आला की आधी दोन गोष्टी वहीत लिहा: कुठलं ठाणं आणि किती वाजता उचललं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं, म्हणून वेळ महत्त्वाची. मग गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं विचारा. एफआयआर बहुतेक वेळा पोलिसांच्या संकेतस्थळावर सापडतो. लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे तेवढे तिथं चढवत नाहीत.

कलमाची शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर अटक हा पहिला उपाय नव्हे. आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. वकीलमंडळी तिला अजून '४१-अ ची नोटीस' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. अर्णेशकुमार प्रकरणात २०१४ साली सुप्रीम कोर्टानं हे खडसावून सांगितलं. नोटीस मिळाली तर घाबरून गावी पळू नका. तारखेला जा, पोच घ्या. नोटीस मिळूनही गैरहजर राहिलात, तर अटकेचं कारण तुम्हीच हातात दिलंत.

अटक झालीच तर कारणं लेखी मागा, आपल्याला कळणाऱ्या भाषेत. वरळीत जुलै २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूखाली एक बाई मेली, त्या खटल्यातला आरोपी राजकीय पुढाऱ्याचा मुलगा. त्याच्या वकिलांनी हा मुद्दा थेट दिल्लीत सुप्रीम कोर्टापर्यंत नेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये 'मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल आला: कारणं लेखी द्यायची, रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा हुकूम घ्यायला, हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. मोठ्या माणसाच्या पैशानं लढलेली लढाई, पण निकाल सगळ्यांना लागू. वापरा बिनदिक्कत.

रिमांडच्या दिवशी

वकील नसेल तर 'नाही' म्हणून गप्प बसू नका. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयही आहे, तिथं आरोपीचा फुकट बचाव करणारे वकील असतात. फोन १५१००. "फुकटचा वकील कसला असणार" असं लोक म्हणतात. काही कामचुकार असतातच, पण फी घेऊन तारखेला न उगवणारे मी जास्त पाहिलेत.

साहेबांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" तर मारहाण झाली असल्यास तिथंच सांगायला लावा आणि ती रोजनाम्यात आली का ते वकिलाकडून बघून घ्या. जे रोजनाम्यात नाही ते पुढे घडलेलंच नसतं. कंत्राटदाराच्या मुलाचे वकील प्रत्येक तारखेची नक्कल अर्ज देऊन काढत. गरिबाच्या फायलीत नकलेचा अर्ज मी क्वचितच पाहिला.

दिवस मोजा

हे कॅलेंडरवर लाल पेनानं करा. पहिल्या रिमांडची तारीख म्हणजे दिवस पहिला. अटकेची तारीख धरायची नाही. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्वद दिवस, बाकीच्यांत साठ. तेवढ्यात पोलिसांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. मात्र मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आधी. त्यामुळे एकसष्टाव्या (नव्वदवाल्या गुन्ह्यात एक्क्याण्णवाव्या) दिवशी कोर्ट उघडताना अर्ज टेबलावर हवा. अकराच्या अर्जाला जे मिळालं असतं ते तीनच्या अर्जाला हुकलेलं मी पाहिलंय. मधे दीड वाजता पोलीस दोषारोपपत्राचा गठ्ठा घेऊन आले होते. अर्जावर आवक शिक्का आणि वेळ मारून घ्या. कारकून कंटाळा करेल. उभे राहा.

खटला रेंगाळलाच तर आणखी एक मोजणी आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ गेला, की सुटकेचा विचार करावा लागतो. त्याच नव्या संहितेचं कलम ४७९. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकाहून जास्त खटले असतील तरी अडतं. यासाठीचा अर्ज तुरुंग अधीक्षकानं करायचा असतो. मुलाखतीला जाल तेव्हा त्याची आठवण करून द्या. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, आहेत, त्यामुळे अधीक्षकाला तुमचं नाव आपणहून आठवेल या भरवशावर राहू नका.

मुख्य अडथळा: जामीनदार

कंत्राटदाराचा मुलगा जिथं पाच मिनिटांत सुटला, तिथंच गरीब अडकतो. हुकूम झाला त्याच दिवशी वकिलाला चार गोष्टी मागायला लावा.

एक, रोख जामीन. जामीनदार मिळेपर्यंत रक्कम नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे स्वीकारणाऱ्याकडे, भरून माणूस बाहेर येतो, जामीनदार द्यायला काही आठवड्यांची मुदत मिळते. पावती जपून ठेवा, खटला संपल्यावर पैसे परत मागता येतात. ती भाजीवाली मला नंतर म्हणाली, तिची आठ हजारांची भिशी त्याच महिन्यात लागली होती.

दोन, रक्कम कमी करण्याचा अर्ज, कलम ४८४ खाली. पंधराचे आठ झाले असते तर भिशी पुरली असती. हे मला आजही टोचतं.

तीन, जातमुचलका, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सुटका. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस निर्धन आहे असं कायदाच धरून चालतो आणि त्याला जातमुचलक्यावर सोडावं लागतं. मोबाइलचोरी सहसा त्यात बसत नाही, पण तिथंही मागायला बंदी नाही.

चार, 'स्थानिक जामीनदारच हवा' म्हणाले तर मोतीराम प्रकरण पुढे करा. १९७८. मध्य प्रदेशातला गवंडी, दहा हजारांचा जामीनदार मागितला, भावानं हमी दिली तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. माझ्या टेबलावरून भाजीवालीच्या भावाचा सातबारा परत गेला, तेव्हा मोतीरामला तीस वर्षं होऊन गेली होती. वकिलानं नाव काढलं नाही, साहेबांना आठवलं नाही, आणि मी कारकून.

याउपर ३१ जानेवारी २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश लक्षात ठेवा. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिनाभर बाँड भरला गेला नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करू शकतं. 'करू शकतं' हे नीट वाचा. महिना भरल्यावर साध्या कागदावर अर्ज करून ते करवून घ्या. केंद्र सरकारनं गरीब कैद्यांसाठी २०२३ मध्ये योजनाही आणली, सुरुवातीला कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत होती. चौकशी विधी सेवा प्राधिकरणातच करा.

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर भाड्यानं उभा राहणारा जामीनदार मिळतो. त्याच्या वाट्याला जाऊ नका. त्याचं रेशनकार्ड खोटं निघालं तर दुसरा गुन्हा तुमच्या घरात येतो.

खऱ्या जामीनदाराचे कागद: आधार, पॅन, रेशनकार्ड, ताजा सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक, फोटो. मूळ आणि तीन झेरॉक्स. ऐपतीचा दाखला तहसीलमध्ये आजच टाका, जामिनाची वाट बघू नका. गाडीत बसलेल्या त्या दोघांनी एवढंच केलं होतं.

शेवटचे काही तास

बाँड मंजूर झाल्यावर सुटकेचा हुकूम तुरुंगात वेळेत पोचला पाहिजे. यात बडेही अडकतात. आर्यन खानला २८ ऑक्टोबर २०२१ ला हायकोर्टातून जामीन मिळाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या आत कागद आर्थर रोडला पोचले नाहीत आणि सुटका ३० तारखेला झाली. उलट सलमान खानला ६ मे २०१५ ला दुपारी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि निकालाची पूर्ण प्रत हाती नाही या मुद्द्यावर त्याच संध्याकाळी हायकोर्टानं दोन दिवसांचा अंतरिम जामीन दिला. डिसेंबरात तो निर्दोष सुटला, ते वेगळं. मी बघते ते एवढंच, की प्रत मिळाली नाही ही तक्रार आमच्या व्हरांड्यात रोज चालायची. ती घेऊन त्याच संध्याकाळी वरच्या कोर्टात उभं राहिलेलं एकही माणूस मला आठवत नाही.

तेव्हा तुरुंगाची जामीनपेटी, म्हणजे सुटकेचे हुकूम टाकायची पेटी, किती वाजता उघडतात ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. हुकमातलं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा नंबर, कलमं एकेक अक्षर तपासा. 'शेख'चं 'शेक' झालं तर जेलर सोडत नाही, आणि दुरुस्तीला पुन्हा माझ्यासारखीच्या टेबलाशी यावं लागतं. शनिवारी बाँड भरला असेल तर साहेब उठायच्या आत सही घ्या.

तुरुंगाच्या दाराशी जाताना एसटीचे सुटे पैसे आणि चपला न्या. भाजीवालीनं पिशवीत चपला नेल्या होत्या. पोराला घरातून झोपेतून उठवून नेलं होतं, अनवाणी.