जुना पिकअप घेताय? इंजिन बघताना या चुका टाळा

गरम इंजिन बघून गाडी पसंत करणं, ही चूक मी बघून बघून कंटाळलोय. विकणारा म्हणतो "आत्ताच फिरवून आणली, चालवून बघा" आणि आपण लगेच सीटवर. अहो, गरम डिझेल इंजिन तर बरंच घासलेलं असलं तरी सेल्फ मारल्या मारल्या चालू होतं. बघायचं असतं ते रात्रभर थंड पडलेलं इंजिन. ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आतून तापवणारे) गेलेत का, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाते तो दाब) उतरलंय का, डिझेल फवारणारे इंजेक्टर गळतायत का, सगळं पहिल्या सेल्फला बाहेर येतं.

एका मित्रासोबत गाडी बघायला गेलो होतो, बोनेटवर हात ठेवला तर पत्रा चांगलाच गरम. मी म्हटलं उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका. मालकाचं तोंड उतरलं आणि मित्र माझ्यावरच चिडला, दुसरं गिऱ्हाईक नेईल म्हणून. सकाळी मुद्दाम ठरल्या वेळेच्या आधी पोचलो तर मालक दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फवर सेल्फ मारतोय, आणि शेवटी चालू झाली तेव्हा असा पांढरा धूर की डोळे चुरचुरायला लागले, न जळलेलं डिझेल होतं ते. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं तर टकटक उडून खाली पडलं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडर घासले की गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो, मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. आणि एवढं बघूनही मित्र मला बाजूला घेऊन विचारतो, "थोडं कमी करून मागू का?"

झाकण थोडं थरथरलं तर लगेच पळू नका, काही इंजिनांत तेवढं चालतं. त्या तोंडातून भपकारे येत असतील तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, एखादाच सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर इंजिन खोलावं लागणार हे धरून चाला.

दुसरा माझा राग स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून "एकही बिघाडाचा कोड नाही, इंजिन ओके" म्हणणाऱ्यांवर. कोड काय, सकाळी पुसून टाकता येतात! त्याच स्कॅनरमध्ये कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली ते बऱ्याच गाड्यांत दिसतं, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण झालेत का तेही दिसतं, पण ते पान उघडायचा धीर कुणाला. आकडा अगदीच छोटा असेल तर कालच कुणीतरी हात मारलाय. आणि घासलेली रिंग किंवा बेअरिंग स्कॅनरला थेट दिसतच नाही. मी आधी नुसती चावी फिरवतो: चेक इंजिन आणि ऑइलचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब गेलाय, काढलाय किंवा मागे काहीतरी जुगाड आहे.

बाकीचं पटापट सांगतो. डिझेलचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, ते बदलल्यावर लवकरच काळं होतं. उलट जुन्या डिझेल इंजिनात मधासारखं सोनेरी ऑइल दिसलं तर विचारा, कालच का बदललं. झाकणाखाली थोडी पांढरी साय थंडीतल्या छोट्या फेऱ्यांमुळेही येते, पण डिपस्टिकवरच (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल आलं तर पाणी शिरलंय. रेडिएटरचं झाकण फक्त थंड असतानाच उघडायचं, मग इंजिन चालू ठेवून पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) संशय घ्या. इंजिन धुऊन चकचकीत केलं असेल तर चालवून आल्यावर परत खालून टॉर्च मारा, गळती तेव्हा दिसते. मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा मी कमानीचे पाटे बघतो, सरळ झालेले किंवा वरून जादा पाटा टाकलेला असला की इंजिनाने किती ओझं ओढलंय ते कळतं.

आणि रिकाम्या हौद्याने सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून "काय ओढते राव" म्हणू नका. चढ शोधा, वरच्या गिअरमध्ये दाबा आणि टेंपरेचरचा काटा बघा. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्येच सोडा, खाली आल्यावर रेस द्या, तेव्हा निळ्या धुराचा एक झोत आला तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या; रेस देताना कायमच निळा येत असेल तर बहुतेक रिंगा किंवा टर्बो. आरशात बघत बसू नका, मागे दुसऱ्या गाडीत एक माणूस ठेवा.