जुना वन बीएचके विकायला काढताय? कमी पैशात घर कसं तयार करायचं

गेल्या वर्षी आम्ही आईचा डोंबिवली पूर्वेचा वन बीएचके विकला. १९९४ ची बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही, बाबा गेल्यावर आईला जिने झेपेनात म्हणून तिला आमच्याकडे आणायचं ठरलं. घरावर घालायला हाताशी ५० हजार होते, त्याच्या वर काहीच नाही, आणि एजंट म्हणत होता मॉड्युलर किचन करून घ्या म्हणजे भाव येईल. ते नाही केलं तेच बरं झालं, कारण जो घेतो तो किचन आपल्या आवडीचंच करतो आणि आपलं नवंकोरं काम तोडून टाकतो. जुनं घर बघायला येणाऱ्याच्या मनात एकच धाकधूक असते, हे घर घेतल्यावर आणखी किती खर्च निघेल? ती कमी होईल तिथेच पैसे घाला, बाकी सगळं झाडू-फडक्यानं होतं.

आमचं काय चुकलं ते आधी सांगते. हॉलच्या बाहेरच्या भिंतीला ओल होती, जुलैत पापुद्रे सुटले, आणि दसऱ्याच्या आत घर दाखवायचं म्हणून आम्ही ऑगस्टमध्येच पुट्टी मारून रंग काढून घेतला. १५ दिवसांत फुगे आले. पहिलंच जोडपं बघायला आलं, त्यातल्या ताईंनी भिंतीवर सरळ तळवा टेकवला, नवऱ्याकडे बघितलं आणि चहा न घेता गेले. भाव काय ते सुद्धा विचारलं नाही. ओल झाकली की माणसाला वाटतं अजून काय काय झाकलं असेल, आणि मग तुमच्या चांगल्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

म्हणून पहिलं काम ओल शोधायचं. भिंतीवर वीतभर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा तिथली भिंत काळपट झाली तर पाणी भिंतीतूनच येतंय, आणि प्लास्टिकच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीतल्या हवेचा. आमच्याकडे आतून थेंब. बाहेरून बघितलं तर पावसाच्या पाइपच्या मागे प्लास्टरला भेग होती. इथे एक माहीत असू द्या, आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीची, पावसाची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीनं आपल्या खर्चानं काढायची असते, आणि संडास-बाथरूम-सिंकमधली आतली गळती ज्याची त्यानं. आम्ही सेक्रेटरींना फोटोसकट लेखी अर्ज दिला, दोनदा आठवण केली, भेग बुजवली गेली. मग भिंत आतून खरवडून महिनाभर उघडी ठेवली, ऑक्टोबरच्या उन्हात सुकली, प्लास्टिक परत लावून बघितलं, कोरडी निघाली तेव्हाच रंग. रंगाचं काम जमेल तितकं पावसाळ्यानंतर काढा, तसंही पितृपक्षात आपल्याकडे फारसं कोणी टोकन देत नाही, दसरा-दिवाळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या दिवसांत लोकं घर घ्यायच्या मूडमध्ये असतात, त्याच्या महिनाभर आधी घर तयार पाहिजे असा हिशोब धरा.

कामाचा क्रम चुकवू नका, नाहीतर एकच काम दोनदा होतं. आधी प्लंबर, मग इलेक्ट्रिशियन, मग लादी पॉलिश, मग रंग, शेवटी धुणं-पुसणं. आमच्याकडे मोझॅकची लादी होती, एजंट म्हणाला वरून व्हिट्रिफाइड टाका, आम्ही मशीन पॉलिश केलं, ३० वर्षांची लादी इतकी सुंदर निघाली की आई बराच वेळ नुसती बघत बसली होती. पण पॉलिशचा राडा भिंतीवर गुडघ्यापर्यंत उडतो म्हणून ते रंगाच्या आधी. रंग एकच, ऑफ व्हाइट, सीलिंग पांढरं. पूर्ण घर परवडत नसेल तर हॉल, किचन आणि पॅसेज करा, बेडरूमच्या भिंती ओल्या फडक्यानं पुसून खिळ्यांची भोकं पुट्टीनं बुजवा. फक्त हलकं डिस्टेंपर असेल तर ते पुसताना निघतं, आधी कपाटामागे ट्राय करा.

प्लंबरकडून टपटपणारे नळ, फ्लशची टाकी, सिंकखालचा पाइप एवढंच. बहुतेक वेळा वॉशर नाहीतर स्पिंडल बदललं की भागतं. कमोडची पिवळी पडलेली सीट मात्र नवीन घ्या. बाथरूमच्या टाइल्सवर आणि नळांवर जे पांढरं क्षाराचं पुटं चढतं त्याला बाजारातलं जहाल ॲसिड नको, किराणावाल्याकडे लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं, मगभर गरम पाण्यात दोन-तीन चमचे, फडकं भिजवून १५ मिनिटं लावून ठेवा आणि घासा. मार्बल, कोटा आणि मोझॅकवर हे अजिबात टाकू नका, चमक जाते. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, एकापाठोपाठ एक पण वापरू नका, त्यातनं क्लोरीनचा विषारी वायू निघतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं. टाइल्सच्या मधल्या काळ्या रेघा खरवडून पांढरं सिमेंट भरलं की जुनी बाथरूम पाच-दहा वर्षांनी लहान दिसते, हे काम मी आणि वहिनीनं एका रविवारी केलं.

किचनमध्ये एक्झॉस्ट फॅन आणि गॅसमागच्या टाइल्सचा चिकटपणा, त्याला धुण्याचा सोडा आणि कडकडीत पाणी, हातात ग्लोव्हज घालून. फॅनचा मेन स्विच बंद करून पाती काढा.

आता सामान. हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात अवघड, कारण माळ्यावर आपला अर्धा संसार असतो. आईच्या माळ्यावर पितळेचे हंडे, दोन बंद मिक्सर, दादाची दहावीची पुस्तकं, गॅलरीत मोडकी सायकल. तिला न विचारता भंगारवाला बोलावू नका हे मी अगदी कळकळीनं सांगते. आम्ही रोज संध्याकाळी तासभर तिच्यासोबत बसून एकेक वस्तू हातात घेतली, काय न्यायचं, कोणाला द्यायचं, काय काढायचं ते तिनं ठरवलं, दोन आठवडे गेले, पण तिची झोप गेली नाही. काढून टाकताना एकच बघायचं, प्रत्येक दरवाजा पूर्ण उघडला पाहिजे, खिडकीपर्यंत जाता आलं पाहिजे, आणि गॅलरीत दोन माणसं उभी राहिली पाहिजेत. आमच्या बेडरूमचा दरवाजा कपाटाला अडून अर्धाच उघडायचा, कपाट समोरच्या भिंतीला नेलं आणि खोली मोठी वाटायला लागली. घर पूर्ण रिकामं पण करू नका, रिकाम्या खोलीत पलंग बसेल का नाही ते लोकांना कळत नाही.

खिडक्यांच्या काचा आणि जाळ्या धुवा, स्लायडिंगच्या पट्टीतली माती जुन्या टूथब्रशनं काढा, जाड पडदे उतरवा. एका खोलीत एकाच रंगाचे एलईडी, एक पिवळा एक निळसर असं नको. बिजागऱ्यांना तेल. फोटो काढायच्या आधी मोबाइलची लेन्स पुसा, फोन आडवा धरा, खोलीच्या कोपऱ्यात छातीच्या उंचीवर, दिवसा.

आमच्या हॉलमध्ये सकाळी ९ ते ११ ऊन येतं, म्हणून सगळ्यांना त्याच वेळेत बोलवायचो. त्या सकाळी फोडणी नाही, मासे नाहीत, आणि उग्र रूम फ्रेशनर तर मुळीच नाही, वास लपवताय असं वाटतं. खिडक्या उघड्या ठेवल्या की पुरतं. दागिने आणि मूळ कागद घरात ठेवू नका. पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स किती, पार्किंग आहे का नाही, ते विचारायच्या आधी खरं सांगा.

पण सगळ्यात जास्त उशीर आम्हाला कागदांनी केला. फ्लॅट बाबांच्या नावावर, आई नॉमिनी, सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट आईच्या नावे केलेलं, आम्हाला वाटलं झालं. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नाही, मालक वारस असतात, त्यामुळे घेणाऱ्याच्या बँकेनं माझं आणि दादाचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वारसा हिस्सा आईसाठी सोडल्याचा कागद मागितला, दादा बंगळुरूहून रजा काढून आला. रंगाचा डबा आणायच्या आधी हे उरकून घ्या. बिल्डरचं मूळ ॲग्रीमेंट, रजिस्ट्रेशनची पावती, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची चालू पावती, लाइट बिल, हे एका फाइलमध्ये, आणि झेरॉक्सचा एक सेट दाखवायला. इंडेक्स टू हरवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. डोंबिवलीत बेकायदा इमारतींच्या बातम्या आल्यापासून येणारा प्रत्येक जण ओसी पहिलं विचारतो. बिल्डिंग ३० वर्षांच्या वरची असेल तर उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, त्याचा रिपोर्ट सोसायटीकडून मागून ठेवा, बँकवाले जुन्या बिल्डिंगला लोन देताना हे बघतात. आणि महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या माणसाच्या नावे करायची रक्कम) २५ हजारांच्या वर घेता येत नाही, हे घेणाऱ्यालाही सांगा, त्याला बरं वाटतं.

आमचा खर्च ४३ हजारांत बसला, त्यात निम्म्याच्या वर रंग आणि पॉलिश. चौथ्या पार्टीनं घेतला, त्या काकांनी पण भिंतीवर हात ठेवला होता. आम्ही त्यांना भेगेचे आधीचे फोटो, सोसायटीला दिलेला अर्ज आणि दुरुस्तीनंतरचे फोटो दाखवले. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आणि परत एकदा बायकोला घेऊन आले.

चावी द्यायच्या दिवशी लाइटच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, शेवटचं बिल भरा, गॅस कनेक्शन ट्रान्सफरला टाका. बल्ब आणि पंखे ठरल्याप्रमाणे जागेवर ठेवा. आईनं त्या घरात राहायला येणाऱ्या नव्या मुलीला हाताला धरून नेलं, पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, पावसात कुठली खिडकी आधी लावायची आणि तुळशीला सकाळचं ऊन कुठल्या कोपऱ्यात मिळतं ते दाखवलं, आणि कुंडी तिथेच ठेवून आली.