मिरवेलीचा विषाणूरोग: कुळागरात ओळखायचा कसा, रोखायचा कसा

जूनचा पहिला पाऊस झाला की गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांगेच्या कुळागरांतून, म्हणजे पोफळीच्या बागांतून, मिरीच्या कलमांची देवघेव सुरू होते. शेजाऱ्याने दिलेली चार कलमं पोफळीच्या बुंध्याशी लागतात आणि त्यांच्याबरोबर कधी कधी औषध नसलेला रोगही लागतो. म्हणून खरं काम जूनमधलं नाही, जानेवारीतलं आहे. वेलीवर घोस लोंबत असताना कुळागरभर फिरा आणि कोणती वेल निरोगी आहे ते तेव्हाच ठरवा. पावसात सगळ्याच वेली हिरव्यागार दिसतात.

मिरीवर मुख्यतः दोन विषाणू येतात. एक काकडीचा मोझॅक विषाणू, तो मावा पसरवतो. दुसरा पायपर यलो मॉटल विषाणू, तो पिठ्या ढेकूण पसरवतो. पण दोन्ही गावोगाव पोचतात ते आपण कापलेल्या कलमांतून. द्राक्षवेलीवरचा लीफरोल विषाणूही कलमांतून आणि पिठ्या ढेकणांतूनच पसरतो. तिथे मण्यांत साखर कमी भरते, रंग नीट चढत नाही, घड उशिरा पिकतो. मिरीत मार बसतो तो दाण्याच्या भरण्याला.

आधी शेंड्याकडची पानं बघा

वेलीच्या टोकाकडचं एक पान तळहातावर ठेवा. रोगट पान निरोगी वेलीवरच्या पानापेक्षा लहान आणि अरुंद असतं, हाताला जाडसर लागतं, कडा लाटेसारख्या वळलेल्या असतात. त्यावर फिकट हिरवे-पिवळे चट्टे असतात, पण त्यांना काही क्रम नसतो. पेरं आखूड झालेली असतात. घोसही आखूड असतो, मध्ये मध्ये दाणेच धरलेले नसतात.

इथे घाई करू नका. खताच्या कमतरतेनेही पान पिवळं पडतं, पण तो पिवळेपणा सहसा पानभर सारखा किंवा शिरांच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि पान आकसत नाही. पावसाळ्यात पानं काळी पडून वेल पटकन कोसळली तर ती बुरशीमुळे झालेली मर आहे. तिचे उपाय वेगळे.

मग मिरी मापून बघा

संशय असलेल्या वेलीची मिरी वेगळी तोडा, वेगळी वाळवा. कडक वाळल्यावर १ लिटरचं माप सपाट भरा आणि वजन करा. व्यापारीही मिरीचा भाव असाच, लिटरमागे किती ग्रॅम भरते यावर लावतात. ५५० ग्रॅम भरली तर माल चांगला. दाणा नीट पोसला नसेल तर माप भरतं, पण वजन भरत नाही. तुलना मात्र एकाच जातीच्या आणि सारख्या पिकलेल्या मिरीशी करा, कारण कोवळी तोडलेली मिरीही हलकीच भरते.

कलमासाठी वेल निवडणं

भरपूर घोस धरणारी, ५ ते १२ वर्षांची, वर सांगितलेलं एकही लक्षण नसलेली वेल निवडा आणि तिला कापडाची चिंधी बांधून ठेवा. तिच्या बुडाशी जमिनीवर धावणारे फाटे खुंट्या ठोकून त्यांवर गुंडाळा, म्हणजे ते मातीला लागून मुळं धरणार नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कापून दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करा, पानं छाटा आणि पिशव्यांत लावा. माती २ भाग, रेती १ भाग, कुजलेलं शेणखत १ भाग. दुसऱ्या वेलीकडे वळण्याआधी सुरी साबणाने धुऊन घ्या.

चिरलेल्या बांबूत वेल वाढवून कलमं करण्याच्या पद्धतीत एका वेलीपासून वर्षाला ४० च्या आसपास रोपं मिळतात. पद्धत उत्तमच आहे. पण मूळ वेल रोगट निघाली तर तेवढी रोगट रोपं आपणच तयार करून वाटतो. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या वेलीतही विषाणू असू शकतो आणि त्याचा खात्रीचा निवाडा प्रयोगशाळेतच होतो. मोठ्या संख्येने रोपं करणार असाल तर जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात आधी विचारा. विकत घेणार असाल तर रोपवाटिकेला स्पष्ट विचारा: मातृवेली तपासलेल्या आहेत का? हे विचारण्यात संकोच वाटू देऊ नका.

पिशव्यांतली रोपंही अधूनमधून न्याहाळा. पानाची खालची बाजू आणि बुडाशी कापसासारखा पांढरा थर दिसला, मुंग्यांची ये-जा दिसली, तर पिठ्या ढेकूण आले आहेत. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा. चट्टे आलेलं रोप लगेच काढा.

रोगट वेलीचं काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे: मिरी काढून झाली की पावसाआधी ती मुळासकट उपटावी आणि जाळावी. पाटात किंवा खतखड्ड्यात टाकू नये. आजोबांनी लावलेली वेल उपटताना हात थांबतो, हे मला कळतं. पण ती अर्धंमुर्धं पीक देत राहते आणि मावा, पिठ्या ढेकणांना विषाणूही पुरवत राहते. उपटायला मन धजत नसेल तर निदान तिचं कलम कुणाला देऊ नका.

रिकाम्या झालेल्या पोफळीशी नवी वेल जूनमध्ये लावा. खड्डा बुंध्यापासून ३० सेंटीमीटरवर, उत्तरेच्या बाजूला घ्यावा, म्हणजे कोवळ्या रोपाला दक्षिणेकडच्या कडक उन्हाचा चटका बसत नाही.