"आबा, तुम्ही बसा" म्हणणं बंद करा: म्हातारपणी हातपाय चालते ठेवायचे तर काय बघायचं, काय करायचं

आमचे आबा ७३ वर्षांचे, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तालमीत वाढलेला माणूस. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियानं ९ दिवस दवाखान्यात होते, घरी आले तर कॉटवरून एकटं उठता येईना. छाती बरी झाली पण पाय गेले. आम्हाला वाटलं अशक्तपणाय, होईल बरा, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना आणखीन झोपवून ठेवलं आणि तिथंच चुकलं, कारण म्हातारं माणूस १० दिवस नुसतं अंथरुणावर राहिलं तरी पायांचं किलोभर मांस झडू शकतं, आणि ते तरण्या पोरासारखं आपोआप भरून येत नाही.

तर आधी बघायचं काय. आंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठबस, लघवी-संडासवरचा ताबा आणि हातानं जेवण. अमेरिकेतल्या डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली ह्याच सहा गोष्टींवरून माणूस किती स्वतंत्र आहे ते मोजायची पद्धत काढली, डॉक्टर अजून तीच वापरतात. बहुतेकांची आंघोळ आधी सुटते, जेवण सगळ्यात शेवटी. पण त्याच्याही आधी बाहेरची कामं सुटतात आणि ती आपल्या ध्यानातच येत नाहीत. केएमटीनं, म्हणजे गावातल्या बसनं, जाणं बंद होतं, लाईट बिल "तूच भर जा" होतं, रंकाळ्याला चक्कर मारणारा माणूस गल्लीच्या कोपऱ्यावरून परत येतो. विचारलं तर "कंटाळा आलाय". पुष्कळदा कंटाळा नसतोच, कधीतरी तोल गेलेला असतो आणि घरात सांगितलेलं नसतं.

घरी चेक करायला एक खुर्ची पुरते. भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी, ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतंय ते मोजा, आणि तुम्ही शेजारीच थांबा. सत्तरी ते चौऱ्याहत्तरीतल्या पुरुषाचे १२ च्या आत आणि बाईचे १० च्या आत झाले तर पडायचा धोका जास्त धरायचा. आबांचे झाले ३, चौथ्याला माझी बाही धरली.

आणि औषध पण तेच. दिवसातून तीनदा पाच-पाच उठबस, सुरुवातीला हाताला धरून, नंतर सोडून. "व्यायाम करा" म्हटलं की आबा तोंड फिरवायचे, "बैठका मारा" म्हटल्यावर करायला लागले, आता काय बोलायचं! सोबत ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, तोल सांभाळायचा सराव आठवड्यातून निदान ३ दिवस पाहिजेच, नुसत्या चालण्यानं ते काम होत नाही.

खाण्यात आपल्याकडं गंमतच आहे. म्हाताऱ्यांना मऊ भात-आमटी आणि चहा-खारी, मटणाच्या फोडी पोरांना. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रोटीन लागतं आणि एका अंड्यात असतं ६ ग्रॅम, मग बघा हिशोब करून. पांढऱ्या रश्श्यावर भागवू नका, फोडी बारीक करून द्या, शाकाहारी असतील तर दूध, दही, डाळ, उसळ वाढवा. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढं पालथी करा. पाचच्या वर गोळ्या असतील तर नक्कीच, त्यात झोपेची असेल तर आणखीनच, पण मनानं एकदम बंद करू नका. बीपी झोपून आणि मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी मोजायला सांगा, वरचा आकडा २० नं उतरत असेल तर सकाळी उठताना चक्कर का येते ते कळतं. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं ह्याला "वयच झालं" म्हणून सोडून देऊ नका.

बाथरूममध्ये भिंतीला ड्रिल मारून स्टीलचा दांडा बसवून घ्या, टॉवेलचा रॉड वजन झेलत नाही. बसायला पाटाच्या जागी उंच स्टूल. आणि गुळगुळीत झालेल्या तळाची कोल्हापुरी चप्पल ओल्या फरशीवर घालू देऊ नका, हे सांगताना मलाच वाईट वाटतंय, पण पाय सटकतो.

आता राहिलो आपण. शर्टाची बटणं लावायला आबांना सात-आठ मिनिटं लागायची, बायको दोन मिनिटांत लावून द्यायची, प्रेमानंच, पण तीन आठवड्यांत त्यांनी बटणाला हात लावायचंच सोडलं. मग ठरवलं, वेळ लागू दे, आपण बघत बसायचं. लई जड जातं. बटण वरखाली लागलं तरी गप बसायचं.

उठबशीचा आकडा दर सोमवारी कॅलेंडरवर लिहितो. ह्या सोमवारी ९ झाले, आणि संध्याकाळी न सांगता गंगावेशीत दूध प्यायला जाऊन आले, एक बटण वरखालीच होतं.