मुलांकडे व्हर्जिनियाला जाताय? मग जुन्या रेल्वेच्या वाटेवर चालायला, सायकल मारायला असं जा

मुलं अमेरिकेत आणि आईवडील इथे गोव्यात फोंड्यात, अशी आमच्या ओळखीत बरीच घरं आहेत. तिकडे गेलं की आठवड्याभरात कंटाळा सुरू, कारण मुलगी ऑफिसात, आपल्याला गाडी चालवता येत नाही आणि कोपऱ्यावर गाडाही नाही. मुलगी वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात असेल तर आधी विचारा की घरापासून डब्ल्यू अँड ओडी (वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन) ट्रेल, म्हणजे चालायची-सायकलची वाट, किती लांब.

ही पूर्वी रेल्वेलाइन होती, 1859 च्या सुमाराची, म्हणजे आपल्या मुरगांव लाइनीपेक्षाही जुनी. 1968 ला बंद पडली, रूळ काढले आणि 1974 पासून तुकड्यातुकड्याने तिथे डांबरी वाट केली. आता शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत 45 मैल, म्हणजे साधारण 72 किलोमीटर सलग वाट आहे आणि तिच्यावर मोटारी नाहीत. दर अर्ध्या मैलाला खांबावर आकडा असतो, तो लक्षात ठेवा, फोन करून "कुठे आहेस" विचारलं तर तोच सांगायचा.

आता मुख्य गोष्ट, चढ. आगगाडीला चढ झेपत नाही, आपल्या कुळे ते कॅसलरॉक घाटात 37 फुटांना 1 फूट एवढाच चढ आहे तरी गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात, म्हणून रेल्वेवाले वाट हळूहळूच चढवतात. त्यामुळे या ट्रेलवर फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढासारखी धाप लागत नाही, पण फसायला होतं ते इथेच! चढ डोळ्यांना दिसतच नाही. जाताना उतार असला तर वाटतं काय मस्त चालवतेय मी, आणि परत येताना पाय भरून येतात आणि कळत नाही का. म्हणून पहिले काही दिवस घड्याळ लावा, वीस मिनिटं गेलं की परत फिरा, दम असला तरी. लीसबर्गच्या पुढे क्लार्क्स गॅपकडे लांब चढ आहे, तो पहिल्या महिन्यात नकोच. नुसतं जायचं असेल, परत चालवत यायचं नसेल तर सायकल मेट्रोत घेऊन जाता येते, ईस्ट फॉल्स चर्च स्टेशन ट्रेलच्या अगदी बाजूला आहे, तिथून मेट्रोत बसून घरी.

दुसरं म्हणजे बाजू. तिकडे उजवीकडून चालायचं, उजवीकडूनच चालवायचं, आणि मागून येणारा डावीकडून पुढे जातो. जाताना तो ओरडतो "ऑन युअर लेफ्ट". मी पहिल्यांदा ऐकलं, त्याने लेफ्ट म्हटलं म्हणून मी लेफ्टला सरकले आणि तो बिचारा थेट गवतात. त्याचा अर्थ एवढाच की मी डावीकडून येतोय, तू आहेस तिथेच राहा. आपण दुसऱ्याला ओलांडताना घंटी वाजवायची, लाजायचं नाही, आपला पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे पों पों करत येतो तेव्हा कोणाला राग येतो का. आणि चौघीजणी गप्पा मारत आडव्या रांगेत चालायचं नाही, हे आमच्या महिला मंडळाला खास सांगणं.

खरी भीती आहे ती जिथे ट्रेल रस्ता ओलांडतो तिथे. पूर्वी आगगाडीसाठी रस्ता थांबायचा, आता आपण थांबायचं. स्टॉपची पाटी दिसली की पाय टेकवा. एक मोटारवाला थांबून हात करतो, आपण खूश होऊन निघतो आणि पलीकडच्या लेनमधली गाडी थांबलेलीच नसते. म्हणून प्रत्येक लेन वेगळी बघा.

सायकल सुटली असेल तर जायच्या आधी इथेच सवय करा. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांतून, जाणारा रस्ता सपाट आहे, सकाळी वर्दळ कमी असते. फक्त तिथे डावी बाजू, घोटाळा नको. चालणाऱ्यांनी नवीन बूट इथेच घालून सैल करून घ्या, चपला घालून डांबरावर चार मैल जाऊ नका.

पाणी घरून न्या, नळ आहेत पण लांब लांब. उन्हाळ्यात तिथेही आपल्यासारखाच घाम निघतो, त्यामुळे सकाळीच जा. सुरुवातीला व्हिएन्ना गाव घ्या, साधारण 12 व्या मैलाला, तिथे ट्रेलच्या बाजूला रेल्वेचा लाल डबा ठेवलाय, फोटो काढायला बरा. कडेच्या झाडीत मात्र शिरू नका. तीन तीन पानांची एक वेल असते, पॉयझन आयव्ही, ती लागली की अंगाला खाज सुटते, आणि गवतात गोचीड असतात, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मोज्यांच्या कडेला नीट बघा, मगच चहा टाका.